कारखाना कुणाचा, कोयता कुणाचा?



निवडणूक आली की भाषणांतून दोन शब्द हमखास कानावर पडतात, भांडवलशाही आणि समाजवाद. मागच्या बैठकीत एकीनं सरळ विचारलं, "यातलं आपल्याकडं कोणतं हाय?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून टोळ्या ज्या रस्त्यानं जातात, त्या रस्त्यावरच सापडतं. म्हणून आज साखर कारखान्याबद्दल बोलू.

आधी शब्दांचा अर्थ. जमीन, यंत्र, पैसा हे भांडवल. ते ज्याच्या मालकीचं, त्यानंच काय काढायचं, कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं आणि नफा स्वतःकडे ठेवायचा, ही भांडवलशाही. समाजवाद म्हणतो, ही साधनं सगळ्या समाजाच्या ताब्यात असावीत आणि मिळकत वाटून घ्यावी. 1976 साली आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घातला गेला. पण प्रत्यक्षात आपल्याकडे दोन्हींची खिचडी आहे. एसटी सरकारची, तिच्या शेजारी उभी असलेली काळीपिवळी खासगी.

या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे सहकार. 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी पैसे गोळा करून स्वतःचं दुकान काढलं. तिथला नियम असा, की कुणाचा पैसा कितीही असो, मत एकच. हाच नियम धरून नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. त्याआधी त्या भागात खासगी कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन ऊस लावत. जमीन शेतकऱ्याची आणि साखर कंपनीची! ते उलटं करून दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढं अशा कारखान्यांच्या आधारानं शाळा, दवाखाने, रस्ते झाले. हे आम्ही मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण भाग कुणाचे होते? ज्याच्याकडं पाणी आणि ऊस, त्याचे. आपल्या पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणीच्या बालाघाटी माळावरून तोडायला जाणारा माणूस सभासद कधीच नव्हता. कारखान्याच्या हिशेबात तो 'तोडणी व वाहतूक खर्च' या एका ओळीत येतो. हा खर्च उसाच्या दरातून कापला जातो, त्यामुळं शेतकऱ्यालाही आपण महागच वाटतो. करार मुकादमाशी, हजेरीपट कुणाकडंच नाही. कामगार म्हणून नाव नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही. सहकारी कारखान्याचा फड असो की खासगीचा, कोपी तीच आणि पाचट तेच.

1998 साली केंद्रानं साखर कारखान्यांवरची परवान्याची अट काढली. इकडं बरेच सहकारी कारखाने कर्जात बुडाले. काही दुष्काळानं, काही चालवणाऱ्यांच्या कारभारानं. त्यातले कितीतरी विकले गेले. आज राज्यातले जवळपास निम्मे कारखाने खासगी आहेत. तिथं शेतकऱ्याला सभेत हात वर करता येत नाही. तरी उसाला कायद्याचा आधार आहे. मालक कुणीही असो, चौदा दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. तोडणाऱ्या हाताला असा आधार नाही. त्याचा दर साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बोलणीतून ठरतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे 366 रुपये झाला. कामाच्या प्रकाराप्रमाणे थोडा कमी-जास्त असतो.

आता वही काढा. कोयत्यानं एक लाख उचल घेतली असं धरा. ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडत असतील, तर 137 दिवस लागतात, म्हणजे साडेचार महिने. एकही खाडा नाही, ताप नाही, पाळीची सुट्टी नाही असं धरून. आणि कारखाना शंभर दिवसांतच बंद झाला तर? उरलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पाऊस कमी पडला, ऊस कमी आला, हा धोका खरं तर धंद्याचा. पण तो फिरून आपल्या अंगावर येतो. मोठं भांडवल आपला धोका असा खाली ढकलतं, हे भाषणात कुणी सांगत नाही.

आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मोळी बांधणारी, डोक्यावरून गाडीत चढवणारी, पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी बाई त्या 'एका'त मावते. उचल मात्र बहुतेक वेळा त्याच्याच हातात पडते. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आपल्या जिल्ह्याची आकडेवारी आली. 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती. खाड्याच्या दंडाची भीती त्यातलं एक.

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलं आहे. ओळखपत्रासाठी नोंद गावातच, ग्रामसेवकाकडं होते. तिथं कोयत्याचं म्हणून नवऱ्याचं एकच नाव देऊन परत येऊ नका. दोघांची नोंद वेगवेगळी करून घ्या, ओळखपत्रं दोन मागा.

आमच्या गटानं यंदा एक जास्तीचं काम धरलंय. टोळी निघण्याआधी प्रत्येकीनं उचल किती, तारीख कोणती, कुणाच्या हातात दिली ते गटाच्या वहीत लिहायचं. फडावर वजनाची पावती फेकायची नाही, पिशवीत ठेवायची. परत आल्यावर सगळ्या पावत्या बैठकीत मांडून टनांची बेरीज करायची. मुकादमाच्या आकड्याशी मेळ बसला नाही, तर विचारायला एकटीनं नाही, सगळ्यांनी जायचं.