आधी डेटाबेस, मग अपग्रेड

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या व्हीसेंटरचं सॉफ्टवेअर बिघडलं तर काढून पुन्हा टाकता येतं. त्याच्या डेटाबेसचं तसं नाही. अपग्रेडमध्ये टेबलांची रचना बदलली की जुन्या आवृत्तीला तो डेटाबेस चालत नाही, आणि मग परतीचा भरवसा आधीच्या बॅकअपवरच. म्हणून माझ्या मते तयारीचा कस बॅकअप घेण्यात लागत नाही, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहण्यात लागतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत मुख्य डेटाबेसचा मजकूर चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर तो नव्हताच: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा, बॅकअपचं पीजी-डंप मात्र ९.२चं. ते काम फसत होतं आणि तसं सांगणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर भागवावं लागलं. तिथे त्या दिवशी अपग्रेड चालू नव्हतं हे खरं. पण आवृत्त्यांचा असा बेमेळ अपग्रेडच्या काळातच जास्त संभवतो, आणि तो रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय उघडा पडत नाही.

रिस्टोअर केलेली प्रत हाताशी असली की तिच्यावर मोजमाप करावं. विंडोजवरच्या व्हीसेंटरचा (६.७ ही त्यातली शेवटची आवृत्ती) डेटाबेस अनेकदा एसक्यूएल सर्व्हरवर असे. त्यातलं व्हीपीएक्स_इव्हेंट हे टेबल पाहावं लागे: कोण आत आलं, कोण बाहेर पडलं, कुठलं मशीन चालू झालं, प्रत्येकाची एक ओळ. बॅकअपचं सॉफ्टवेअर दिवसभर लॉगिन-लॉगआउट करत असेल तर बराच पसारा त्याचाच निघायचा. कामगिरीच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी आधी अर्ध्या तासाच्या, मग दोन तासांच्या, मग दिवसाच्या सरासरीत गुंडाळल्या जात. हे काम एसक्यूएल सर्व्हरच्या एजंट या सेवेचं, आणि एजंट बंद असल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही तर नोंदी साचत राहत. हा सगळा इतिहास अपग्रेडबरोबर ओढत नेला की वेळ आणि डिस्क दोन्ही खर्ची पडतात. ७.०च्या अप्लायन्सकडे, म्हणजे व्हीसेंटरच्या तयार व्हर्च्युअल मशीनकडे, जाताना तर इन्स्टॉलरच विचारत असे, फक्त कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी न्यायची, की इव्हेंट, टास्क आणि कामगिरीचे आकडेही? ऑडिटला जुन्या नोंदी लागतील, ही हरकत रास्त आहे. त्यासाठी तीच रिस्टोअर केलेली प्रत जपून ठेवावी. चालू डेटाबेसवर तो भार कशाला?

दुसरी हरकत अशी, की स्नॅपशॉट असताना एवढा खटाटोप का? व्हीसेंटर आणि डेटाबेस एकाच व्हर्च्युअल मशीनवर असतील आणि सेवा थांबवून स्नॅपशॉट घेतला असेल, तर तो उपयोगी पडतो, नाकारण्याचं कारण नाही. विंडोजवरच्या व्हीसेंटरसारखी दोन मशीन असली की मात्र दोन्ही एकाच क्षणाला थांबवावी लागत. नाहीतर एकाच्या माहितीत जे घडलं ते दुसऱ्याच्या गावी नसे. शिवाय डेटाबेसचा सर्व्हर इतर विभागांच्याही वापरात असला तर आपल्या एका चुकीपायी तो मागे फिरवायला कोण परवानगी देईल?