भाकरीचं काम गोळीला

म्हसवडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहावं. एकच बोलणं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतं.

"आंग लय दुखतंय, गोळी द्या की."

"कसली देऊ?"

"ती न्हाई का, लाल. मागल्या बाजारला दिल्याली."

कात्री पाकिटावरून फिरते आणि दोन गोळ्यांचा तुकडा काउंटरवर पडतो. गोळीचं नाव आणि मुदत छापलेला भाग बहुतेक वेळा उरलेल्या पाकिटाबरोबर दुकानातच राहतो. बाई गोळी तिथंच तोंडात टाकते, वर घोटभर पाणी पिते आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागते. विचारलं तर कळतं, सकाळपासून पोटात फक्त चहा आहे.

वेदनाशामक गोळ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दाढ ठणकते, हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते, तेव्हा त्यांच्याइतका सोबती दुसरा नाही. घोर लावते ती सवय. माणदेशात ही सवय लागते तीही अशा अवस्थेत, की तिचा फटका दुप्पट बसावा: रिकामं पोट, कमी पाणी, कडक ऊन आणि उद्या पुन्हा तेच काम.

एका वाफ्यासाठी मोटार बंद

ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. पण ती दुखणं नेमकं कसं थांबवते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं. त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. इजा झालेल्या जागी सूज आणि ठणका येतो तो त्यांच्यामुळे. पण तीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तरावर संरक्षक लेप राखतात आणि मूत्रपिंडाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन या गोळ्या ही रसायनं सगळीकडंच कमी करतात. एका वाफ्याचं पाणी तोडायचं म्हणून विहिरीवरची मोटारच बंद करावी, तसं हे. गुडघ्याचा ठणका थांबतो, पण जठर उघडं पडतं. कधी जळजळ, कधी व्रण, तर कधी काहीच न दुखता आतल्या आत रक्तस्राव. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तर ते पित्त समजून घरी थांबू नये.

मूत्रपिंडाचं गणित माणच्या माणसानं जास्त नीट समजून घ्यायला हवं. शरीरात पाणी पुरेसं असतं तेव्हा मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. घाम गाळून पाणी आटलं, की आकसणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला मूत्रपिंड त्यांच्यावरच विसंबतं. नेमकी त्याच वेळी गोळी पोटात गेली, तर आधार जातो. इथला मुलूख पर्जन्यछायेतला, माणगंगेचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं. त्यात रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बाया. खुरपणीच्या संध्याकाळी घेतलेली गोळी अशा सुकलेल्या शरीरात उतरते.

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये, ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडाचा एक आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही ऐन कर्त्या वयातल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होत होती. कारणांवर वाद अजून चालू आहे. उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि वारंवार पाणी कमी पडणं यांवर मुख्य संशय आहे, आणि अंगदुखीच्या गोळ्या त्यात भर घालत असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आपल्याकडच्या टोळ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा धोका आणखी वेगळा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः ज्यांच्या औषधी नावाचा शेवट 'प्रिल' किंवा 'सार्टन' असा असतो, त्यांच्यासोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि त्यात गुडघ्याची गोळी पडली, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला एकदम खाली बसवू शकतात. शिवाय रक्तदाब वाढतो तो वेगळाच. डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रोफेकॉक्सिब नावाची गाजलेली गोळी याच कारणासाठी २००४ मध्ये जगभरातून मागं घ्यावी लागली.

गिधाडं कुठं गेली?

पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं, की थोड्याच वेळात आभाळात घिरट्या दिसायच्या. नव्वदच्या दशकात त्या दिसेनाशा झाल्या. कारण सापडलं २००४ मध्ये. दुखणाईत गाईबैलांना डायक्लोफिनॅकची सुई दिली जायची, जनावर मेलं की ते औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं, आणि गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचलेला आढळला. एकट्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. भारत सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या फक्त ३ मिलीलिटरच्या ठेवण्याचा नियम आला.

माणसाचं शरीर हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी सहज बाहेर टाकतं, म्हणून आपल्याला ते चालतं. पण ज्या मूत्रपिंडानं ते बाहेर टाकायचं, ते आधीच थकलेलं असेल तर? "डॉक्टर, एक सुई माराच," असा हट्ट धरण्याआधी एवढं आठवावं.

मग पॅरासिटामॉल बरी का? जठराला आणि मूत्रपिंडाला तुलनेनं सौम्य, हे खरं. तिचा घाव यकृतावर पडतो. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही वरची हद्द. रोज दारू पिणाऱ्याची, अशक्त माणसाची हद्द त्याहून बरीच अलीकडं. आणि सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असते. नाव न वाचता तीन रंगांच्या गोळ्या घेतल्या, तर एकच औषध तीनदा पोटात जातं. त्या कापलेल्या तुकड्यावर नाव नसणं म्हणूनच महाग पडतं.

हळदीचा हिशेब

इथं कुणीतरी म्हणणारच, की त्यापेक्षा आमचं हळदीचं दूध काय वाईट? हळद तर आपल्या शेजारची. सांगलीची हळदपेठ देशभर नावाजलेली, हरिपूरची जमिनीतली पेवं प्रसिद्ध, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीत सूज कमी करणारं कर्क्युमिन आहे, यात शंका नाही. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे घेणाऱ्यांना आयबुप्रोफेन घेणाऱ्यांइतकाच आराम पडला आणि पोटदुखीचा त्रास त्यांच्यापेक्षा कमी झाला.

आता हिशेब करू. चमचाभर हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात कर्क्युमिन ३ टक्के धरलं, तर जेमतेम ९० मिलिग्रॅम. चाचणीतल्या अर्काची बरोबरी करायला रोज दहाहून जास्त चमचे हळद लागेल. वर कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. मिऱ्यानं ते वाढतं, म्हणून हळदीच्या दुधात मिरपूड टाकणारी आजी शहाणीच. पण अर्काच्या महागड्या कॅप्सूल परस्पर घेण्यात शहाणपण नाही. अशा कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशीही त्यांचं जमत नाही.

आल्याचंही तसंच. सातारी आलं आपल्या जिल्ह्याचं. पाळीच्या पोटदुखीवर सुंठेची पूड मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेनच्या तोडीनं उपयोगी पडल्याचं इराणमधल्या एका छोट्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं. याच मेफेनॅमिक ॲसिडमुळं क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी तीव्र ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगानं २०२३ मध्ये दिला. शाळा-कॉलेजातल्या मुलींना सुंठेचा काढा आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी हा पहिला उपाय म्हणून सांगायला हरकत नाही.

ताटात काय कमी आहे?

खरा लाभ हळदीच्या चमच्यापेक्षा ताटात जास्त आहे. 'अंग दुखतंय' म्हणणाऱ्या कितीतरी बायांना दुखणं सांध्याचं नसतंच, रक्त कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. अशा बाईला गोळीनं दोन तास बरं वाटतं. गोळीनं जठरातून थोडं थोडं रक्त जात राहिलं, तर उणं आणखी वाढतं.

माणची बाजरी इथं कामी येते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. ते अंगी लागायला सोबत लिंबाची फोड किंवा आवळा हवा, आणि जेवणावर लगेच चहा नको. हुलग्याचं माडगं प्रथिनं देतं आणि पोटात पाणीही जातं. तिळाच्या चटणीत कॅल्शियम आहे. ताकात मीठ घालून रानात नेलं, तर घामाची भरपाई होते.

भाकरी-कालवणात न मिळणारी गोष्ट म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. हातापायाला मुंग्या, जळजळ, थकवा ही त्याच्या कमतरतेची लक्षणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ही उणीव किती पसरली आहे ते दाखवून दिलं आहे. दूध, दही, अंडी, मटण यांतून ते मिळतं. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर हाडंच दुखतात. ही दोन्ही साध्या रक्तचाचणीत कळतात. फार कमी झालेलं असेल तर ती उणीव जेवणानं भरत नाही, औषध घ्यावंच लागतं. वर्षानुवर्षं अंगदुखीची गोळी घेण्यापेक्षा एकदा ती चाचणी स्वस्त.

गुडघ्याला आधी मलम, शेक आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. गोळी नंतर, डॉक्टरला विचारून, पोटभर जेवल्यावर आणि थोड्या दिवसांपुरती. रानातून आल्यावर आधी तांब्याभर पाणी. भाकरीचं काम गोळीला सांगू नये, तसं गोळीचं काम हळदीलाही सांगू नये.

आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "जेवलासा का?" ओळखीचा असो, अनोळखी असो, उंबऱ्यावर हे विचारल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. औषधाच्या काउंटरवर मात्र ते कुणी विचारत नाही. कात्री चालवण्याआधी तिथंही एकदा विचारलं, तर बऱ्याच गोळ्या पाकिटातच राहतील.