सोयरीक आणि एक नकार

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात सोयरीक व्हायची ती दोन घरांची. स्थळ भटजी किंवा एखादा नातलग सुचवी. जात, कूळ, गोत्र पाहून पत्रिका जुळवली जाई. एकनाड निघाली की बोलणे तिथेच मोडे. नाहीतर बैठक बसे. हुंडा, मानपान, वऱ्हाडाची सरबराई यांची यादी कागदावर उतरे आणि तिला हळदकुंकू लागे. अनेक शेतकरी-कारागीर जातींत उलट मुलाकडून देज घेत आणि विधवेचा पाटही लावत. ब्राह्मणांत मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की बोहल्यावर चढे आणि न्हाण आल्यावर कायमची सासरी जाई. या साऱ्यात तिला कोणी विचारत नसे.

शतकाचा बराच काळ याच चाकोरीत गेला. १८५६च्या विधवाविवाह कायद्यानेही घराघरांतली रीत फारशी हलली नाही. १८७३मध्ये सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह भटजीविना लागला. त्याच वर्षी विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनी वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. सुधारकांच्या घरातही अखेरचा शब्द वडीलधाऱ्यांचाच होता, हे कटू असले तरी खरे आहे.

खरी खळबळ १८८०च्या दशकात माजली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुंबईच्या रखमाबाईंनी पुढे नांदायला जायचे नाकारले. पती दादाजी भिकाजी १८८४मध्ये उच्च न्यायालयात गेले. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ने त्यांच्यावर झोड उठवली. बालपणी बांधलेली गाठ मोठेपणी नाकारणे एवढाच त्यांचा गुन्हा. त्यासाठी एका बाईला इतके सोसावे लागले, याचा संताप आजही यावा. १८८८मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

वादाची धग मात्र राहिली. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे वय दहावरून बारावर नेले; लग्नाच्या वयाला हात लावला नाही. लग्नाचे किमान वय कायद्याने ठरायला १९२९ साल उजाडले, आणि मुलींसाठी ते १४ ठरले.