पंगतीत शेवटी बसणाऱ्यांची शुगर

काकांची शुगर १३२. आईची २४७. सकाळी उपाशीपोटी, एकाच मीटरवर, पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेली! दोघांचं घर एक, पोळ्या एकाच तव्यावरच्या. दोघांनाही टाइप टू डायबेटिस होऊन दहा-बारा वर्षं झालेली. मग आकड्यांत एवढा फरक कसा?

गेल्या दिवाळीत मेहकरच्या घरी ओट्यावर बसून मी हाच विचार करत होते. पुण्यात माझं दिवसभराचं कामच मुळी एक्सेल शीटमधले फरक शोधण्याचं. पण या कोड्याचं उत्तर कुठल्याच कॉलममध्ये सापडेना. शेवटी ते सापडलं ते दोघांच्या स्वभावात.

आमचे काका म्हणजे टेन्शनचं चालतंबोलतं दुकान. एसटी दहाची असेल तर हे नऊलाच स्टँडवर हजर. शुगर दहाने वाढली की लगेच डॉक्टरांना फोन. संध्याकाळी घड्याळ लावून बालाजीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणार. सगळं घर त्यांना हसतं.

आई याच्या अगदी उलट. कधी चिडणं नाही, रडणं नाही, तक्रार तर नाहीच. ‘मले काय झालं? धडधाकट तं आहो!’ हे तिचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांना गरम पोळी, स्वतःला सकाळची. ताटात उरलेला लाडू? ‘टाकायचा कसा?’ म्हणून तोही हिच्याच पोटात.

आता सांगा, शुगर कोणाची बिघडायला हवी? आपण सगळे म्हणणार, काकांची. टेन्शनने शुगर वाढते, हे तर आता रिक्षावालाही सांगतो.

बाकावर बसलेल्यांचीही साखर

ते खोटंही नाही. मनावर ताण आला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स रक्तात उतरतात. ‘पळायचंय, ताकद लागेल’ असा निरोप मिळताच यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडतं. एकेकाळी समोर वाघ असायचा, पळण्यात ती साखर खर्च व्हायची. आज समोर बॉसचा मेल असतो आणि आपण खुर्चीतच! निरोगी माणसाचं इन्शुलिन हा पसारा आवरतं. डायबेटिस असलेल्याचं इन्शुलिन तिथे कमी पडतं.

हार्वर्डचे शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी याचा एक झकास पुरावा दिलाय. १९१३ मध्ये मोसमातला सगळ्यात चुरशीचा फुटबॉल सामना संपल्या संपल्या विद्यापीठाच्या संघातल्या २५ जणांची लघवी तपासली गेली. १२ जणांच्या लघवीत साखर निघाली. गंमत म्हणजे त्या १२ पैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून होते! अप्रेझलच्या दिवशी केबिनबाहेर ताटकळणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

...पण काळजी करणाराच जिंकला!

मग आमचे काका कसे सुटले? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी टाइप टू डायबेटिस असलेल्या १०५ जणांचा स्वभाव आणि साखर एकत्र तपासली. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि ते वाचताना मी खुर्चीतच ताठ झाले. ज्यांना काळजी, राग, उदासी अशा भावना कमी जाणवत होत्या, त्यांचा कंट्रोल जास्त खराब होता. आणि स्वतःपेक्षा दुसऱ्यांचं आधी बघणाऱ्यांचाही!

म्हणजे आमची आई. अगदी शब्दशः.

अभ्यास छोटा आहे, त्यावरून नियम बनवू नये, हे मान्य. खरं नैराश्य ही तर वेगळीच गोष्ट. त्याने कंट्रोल बिघडतो आणि त्यावर उपचारच हवेत. पण थोडी धाकधूक असलेला माणूस गोळी चुकवत नाही, वेळेवर जेवतो, हे आमच्या घरात तरी उघड दिसत होतं. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याला मीटर आठवणार कशाला?

अठ्ठावन्न!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बालाजीचं दर्शन, मग लोणारचं सरोवर आणि परत येऊन आमच्याकडे जेवण असा बेत. आईने नऊ वाजता शुगरची गोळी घेतली, ‘खाईन थोड्या वेळानं’ म्हणत. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. दोन वाजता मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, ‘आई, आता तूही बस.’ तर ती माझ्यावर एकदम खेकसली, ‘दिसत नाई का काम?’

माझ्या आयुष्यात आई अशी कधी बोलली नव्हती. मी रागाने मागे फिरले. स्थळांवरून आमचं आदल्या रात्रीच वाजलं होतं, त्याचाच हा राग असणार असं वाटलं. दारात काका होते. त्यांनी आईच्या कपाळावरचा घाम पाहिला, थरथरणारा झारा पाहिला आणि ओरडले, ‘मीटर आन आधी!’

मीटरवर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. काही गोळ्या तुम्ही जेवा न जेवा, शुगर खाली आणतातच. आणि शुगर उतरली की माणूस चिडतो, गोंधळतो, थरथरतो. तो स्वभाव नसतो, उपाशी मेंदूची ती हाक असते. काकांनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ९१. मग आईला बळेच पानावर बसवलं.

ज्या टेन्शनला आम्ही जन्मभर हसलो, त्यानेच त्या दिवशी आईला वाचवलं. आणि मी? मी तर रुसून निघाले होते.

कॅलेंडरची मागची बाजू

डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून जेवणाशी बांधली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखले : आकडा, जेवणाची वेळ, मन. तिसऱ्यात आई सुरुवातीला रोज ‘बरं’ लिहायची. महिन्याभराने ‘झोप नाही’, ‘पोरीची काळजी’ असं खरं उतरू लागलं. दोन-तीनदा आकडा चढला, तेव्हा आदल्या रात्री आम्ही फोनवर भांडलो होतो. हा काही शास्त्रीय पुरावा नाही. तरी रात्री दहानंतर स्थळांचा विषय बंद, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं!

ताण कमी केल्याचा उपयोग होतो, हेही ड्यूकच्याच संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. १०८ जणांपैकी काहींना पाच वर्गांत स्नायू सैल सोडायला, ताण ओळखायला शिकवलं. वर्षाने त्यांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, इतरांपेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी होतं. गोळी चालू ठेवून, बरं का!

हे सगळं फक्त आई-बाबांचं नाही, दोस्तहो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे. शहरांत प्रमाण १६.४ टक्के, खेड्यांत ८.९. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझंच एचबीए१सी ६.१ निघालं. डायबेटिसच्या उंबरठ्यावर! मी काय केलं? रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि टीमसाठी रात्री दहापर्यंत थांबले. ‘मला काय झालंय?’ हे वाक्य कुठून आलं, ते तुम्ही ओळखलं असेलच.

तेव्हा घरी फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का?’ एवढंच विचारू नका. ‘किती वाजता जेवलीस?’ हे विचारा. शांत माणूस अचानक खेकसला तर रुसण्याआधी मीटर काढा. शुद्धीवर असेल तरच तोंडाने साखर द्या, नाहीतर तडक दवाखाना. आणि घरातल्या टेन्शनवाल्या काकांना हसणं जरा कमी करा.

मागच्या महिन्यात पुन्हा मेहकरला गेले. पुन्हा पाहुणे, पुन्हा पंगत. आई पहिल्याच पंगतीत काकांशेजारी बसली होती. अवघडून, दर दोन घासांनी कोणाला काय हवं ते बघत. मध्येच ती उठायला लागली, तसे काका म्हणाले, ‘वहिनी, बसा!’

ती बसली. वाढायला मी होते. आणि हो, तो रिपोर्ट आता ड्रॉवरमध्ये नाही. मीही पहिल्या पंगतीत बसायला शिकतेय.