कंटेनरची किल्ली कुणाच्या हाती?

खास प्रतिनिधी

एखाद्या संकेतस्थळावर पैसे भरताना पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि दहा-पंधरा मिनिटांनी सारे आपोआप सुरळीत होते, हा अनुभव शहरी वाचकांना नवा नाही. मात्र 'आपोआप' हा शब्द तेवढा खरा नव्हे. पुष्कळदा त्या मिनिटांत पुण्यातील किंवा बंगळूरमधील एखादा अभियंता दूरच्या संगणकात चालू असलेल्या प्रोग्रामच्या 'आत' शिरून बिघाड शोधत असतो. हे आत शिरणे नेमके कसे घडते आणि तशी मुभा कुणाला असावी, हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही. त्या प्रोग्राममध्ये माहिती असते ती तुमची-आमची.

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करायच्या आणि संगणकाचे उत्तर वाचायचे, या जुन्या सोयीला 'शेल' म्हणतात. दूरच्या संगणकाचे शेल उघडण्याची पद्धतही जुनीच. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर संकेतशब्द चोरण्याचा प्रकार घडला, तेव्हा तेथील संशोधक टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये 'एसएसएच' ही कूटबद्ध पद्धत तयार केली. ती आजही सर्वत्र वापरली जाते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. संगणक ठरलेल्या जागी आहे, त्याचा पत्ता ठाऊक आहे आणि तो उद्याही तिथेच असेल.

कंटेनरने हे गृहीतच मोडले. २०१३ मध्ये 'डॉकर' आल्यानंतर प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका बंद पेटीत भरून ती पेटी कुठल्याही संगणकावर चालवण्याची पद्धत रूढ झाली. अशा हजारो पेट्या अनेक संगणकांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, सांभाळण्यासाठी गुगलने २०१४ मध्ये 'कुबरनेटीस' ही प्रणाली खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याच्या राज्यात कंटेनर 'पॉड' नावाच्या घटकात राहतात. पॉड बंद पडला की त्या जागी नवा येतो, बहुधा वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या पत्त्यासह. शिवाय कंटेनरमध्ये एसएसएचची यंत्रणा सहसा नसतेच. मग आत शिरायचे कसे?

त्यासाठी 'क्यूबसीटीएल एक्झेक' ही आज्ञा आहे. (या नावाचा उच्चार कसा करावा, यावर अभियंत्यांचे आजतागायत एकमत नाही.) ही आज्ञा थेट कंटेनरकडे जात नाही. ती प्रथम क्लस्टरच्या मुख्य दाराशी, म्हणजे एपीआय सर्व्हरकडे जाते. तो विचारणाऱ्याची ओळख पटवतो आणि त्याला अशी परवानगी आहे का, हे तपासतो. त्यानंतर संबंधित पॉड ज्या यंत्रावर आहे, तेथील 'क्यूबलेट' या हस्तकाशी तो संपर्क साधतो. क्यूबलेट कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगतो आणि ते पेटीत एक नवी प्रक्रिया सुरू करते. ही प्रक्रिया म्हणजेच शेल. म्हणजे काटेकोर बोलायचे तर कुणीच आत जात नाही; आत एक नवा रहिवासी जन्माला येतो आणि त्याच्याशी आपले बोलणे या लांबच्या मार्गाने चालू राहते. लिनक्समधील 'नेमस्पेस' या सोयीमुळे त्याला मूळ प्रोग्रामला दिसते तेच जग दिसते. तीच फाइल, तेच नेटवर्क, तीच गुपिते.

खरी मेख इथे आहे. डेटाबेसचा संकेतशब्द, अन्य सेवांच्या किल्ल्या, त्या पॉडचे स्वतःचे ओळखपत्र, मूळ प्रोग्रामच्या हाती असलेले हे सारे शेल उघडणाऱ्याच्या हाती येऊ शकते. 'फक्त बिघाड पाहायचा आहे' म्हणून दिलेली परवानगी म्हणूनच दिसते तेवढी किरकोळ नसते.

डिसेंबर २०१८ मध्ये हे जगासमोर आले. कुबरनेटीसच्या एपीआय सर्व्हरमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. दहापैकी ९.८ इतके तिचे गांभीर्य ठरवण्यात आले. खास रचलेली विनंती फसली, तरी क्यूबलेटपर्यंतची जोडणी उघडीच राहत असे आणि तिच्यावरून पुढे पाठवलेल्या आज्ञा एपीआय सर्व्हरच्या अधिकाराने पाळल्या जात. परिणामी ज्याला एकाच पॉडमध्ये शेल उघडण्याची मुभा होती, तो त्या यंत्रावरील इतर पॉडमध्येही आज्ञा चालवू शकत होता. दुरुस्ती लगेच प्रसिद्ध झाली. पण कुणी गैरफायदा घेतला होता का, हे शोधण्याचा सोपा मार्ग नव्हता, कारण अशा आज्ञा नोंदींमध्ये अधिकृत आज्ञांसारख्याच दिसत.

नोंदींचा प्रश्न एरवीही अवघड आहे. कुबरनेटीसमध्ये नोंदवही सुरू ठेवली असेल, तर कोणी, केव्हा, कोणत्या पॉडमध्ये शेल उघडले, हे तिच्यात सापडते. आत गेल्यावर काय टंकित केले, हे मात्र सापडत नाही. दार कोणी उघडले ते पहारेकऱ्याला ठाऊक. घरात काय झाले ते नाही. भारतात 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांनुसार कंपन्यांना संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. नोंदीत मूळ कृतीच नसेल, तर त्या जपून चौकशीला फारसा हातभार लागणार नाही. काही संस्था म्हणूनच संपूर्ण संभाषण टिपणारी वेगळी साधने मध्ये बसवतात.

हेतू वाईटच असावा लागतो, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या सेवेच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवर फाइली पुसण्याची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी माहिती उरली होती. सुमारे सहा तासांत जमा झालेली माहिती कायमची गेली. ते कंटेनर नव्हते, पण दूरस्थ शेलची जोखीम तीच. कंटेनरमध्ये तिला आणखी एक पदर आहे. दहा सारख्या पॉडपैकी एकात हाताने केलेली दुरुस्ती उरलेल्या नवांना ठाऊक नसते आणि तो एक पॉड बदलला की तीही नाहीशी होते. मग मध्यरात्री तोच बिघाड पुन्हा उद्भवतो आणि संध्याकाळी तो कोणी मिटवला होता, ते कुणालाच आठवत नाही.

यावर एक जालीम उपाय रुजतो आहे, तो म्हणजे कंटेनरमध्ये शेलच न ठेवणे. 'डिस्ट्रोलेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्यांमध्ये प्रोग्राम आणि त्याच्या गरजेपुरतेच साहित्य असते. शेलच नसल्याने चोराला ते मिळत नाही, आणि अर्थातच अभियंत्यालाही नाही. त्याची अडचण ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या १.२५ या आवृत्तीत पक्क्या झालेल्या सोयीने दूर केली. चालू पॉडच्या शेजारी अवजारांनी भरलेला एक तात्पुरता कंटेनर जोडता येतो आणि तपासणी तेथून करता येते. एकदा जोडलेला हा कंटेनर काढून टाकता येत नाही. काम आटोपले तरी तो पॉड असेपर्यंत त्याच्या तपशिलात दिसत राहतो.