एका मात्रेचे बारा भाग

पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात कॅरोलाइन नावाची बेटं विखुरलेली आहेत. त्यांतलं पुलुवत इतकं चिमुकलं, की नकाशात शोधायला भिंग घ्यावं. तिथल्या वडीलधाऱ्यांनी हेरलेला मुलगा नावाड्याची विद्या शिकायला बसतो, तेव्हा त्याचा वर्ग चटईवर भरतो. गुरू खडे गोलाकार मांडतो. प्रत्येक खडा म्हणजे क्षितिजावरची एक जागा, ठरावीक तारा उगवण्याची किंवा मावळण्याची. कोणत्या बेटावरून निघालं की कोणतं बेट कोणत्या ताऱ्याखाली येतं, हे सगळं तोंडपाठ करायचं. होकायंत्र नाही, नकाशा नाही, कागदसुद्धा नाही.

खरी गंमत पुढेच आहे. समुद्रावर गेल्यावर हा नावाडी वाट किती सरली ते मोजतो कसं? त्याच्या मनात होडी जागच्या जागी थांबलेली असते आणि बेटं सरकत असतात! वाटेच्या एका अंगाला, क्षितिजापलीकडे असलेलं, प्रवासात एकदाही नजरेला न पडणारं एक बेट तो मनाशी धरतो. ते एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली मागे सरकत जातं. किती तारे ओलांडले, त्यावर किती मजल झाली ते ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ थॉमस ग्लॅडविन याने पुलुवतला राहून ही रीत समजून घेतली आणि १९७० साली पुस्तकात मांडली. ती नुसती लोककथा नव्हे. १९७६ साली याच बेटसमूहातल्या सातावलचा माऊ पियाइलुग हा नावाडी ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला घेऊन गेला. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर, आणि दिशा दाखवणारं एकही यंत्र न वापरता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरने १९८३ च्या ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या पुस्तकाच्या आरंभीच पुलुवतच्या अशा एका मुलाला आणून उभं केलं. त्याच्या जोडीला कुराण मुखोद्गत असलेला इराणी मुलगा आणि संगणकावर संगीतरचना करू लागलेला पॅरिसमधला पोरगा. तिघेही आपापल्या ठिकाणी कमालीचे हुशार. पण बुद्ध्यंक मोजायच्या तासाभराच्या परीक्षेत त्यांच्या या हुशारीला कोणता रकाना आहे?

आपल्याकडे बुद्धिमत्ता म्हटली की शिष्यवृत्ती परीक्षेतले प्रश्न आठवतात. गटात न बसणारं पद ओळखा, आकृत्यांची मालिका पूर्ण करा, सांकेतिक भाषा सोडवा. या सगळ्याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. शाळेत जादा मदत लागेल अशी मुलं ओळखता यावीत म्हणून १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी प्रश्नांची एक चळत तयार केली. बुद्धी कायमची ठरलेली असते, असं मानायला बिनेचा विरोध होता. त्याच्या पश्चात मात्र त्याचं हे कामचलाऊ साधन माणसाच्या कपाळी चिकटणारा आकडा होऊन बसलं.

गार्डनरला शंका आली ती शाळेत नव्हे, रुग्णालयात. बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसोबत तो काम करत असे, आणि हार्वर्डमधल्या ‘प्रोजेक्ट झीरो’त मुलं चित्र, गाणं, गोष्ट कशी शिकतात याचा अभ्यास करत असे. दोन्हीकडे त्याला एकच गोष्ट दिसत होती. एका कामात पुढे असलेलं माणूस दुसऱ्या कामात पुढे असेलच असं नाही. एक क्षमता कोसळली तरी दुसरी शाबूत राहू शकते.

रशियन संगीतकार व्हिसारियॉन शेबालिनचंच उदाहरण घ्या. मेंदूतल्या आघातांनी त्याची भाषा गेली. शब्द सापडेनात, बोललेलं नीट कळेना. आणि या अवस्थेत त्याने सिंफनी रचली, १९६२ साली! उलट फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलच्या हातून आजारपणात रचना लिहिणंच सुटलं, पण वाजवणाऱ्याची चूक त्याचा कान अचूक पकडत असे. भाषा बुडाली तरी संगीत तरंगत राहतं, आणि खुद्द संगीतातही रचणं जातं, पारखणं उरतं. बुद्धी नावाची एकच वस्तू असती, तर ती अशी तुकड्या-तुकड्यांनी कशी गेली असती?

गार्डनरने निकष ठरवले. मेंदूच्या इजेत ती क्षमता वेगळी पडते का, काही माणसांत ती एकटीच विलक्षण फुललेली दिसते का, तिचा उत्क्रांतीत माग लागतो का, तिला स्वतःची चिन्हव्यवस्था आहे का, असे एकूण आठ. त्यांतून सात बुद्धिमत्ता निघाल्या. भाषेची आणि तर्क-गणिताची, या शाळेच्या लाडक्या. मग संगीताची, अवकाश ओळखण्याची, शरीर वापरण्याची, दुसऱ्याला समजून घेण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. निसर्गातली झाडं-प्राणी पारखण्याची आठवी त्याने पुढे १९९०च्या दशकात जोडली. आपल्या डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ही यादी पाठ असते. परीक्षेत ती लिहून मोकळं होता येतं, हेच तिचं दुर्दैव.

कारण यादीपेक्षा कितीतरी सुंदर आहेत ते त्यानंतरचे प्रयोग. गार्डनर आणि टफ्ट्स विद्यापीठातला डेव्हिड फेल्डमन यांनी ‘प्रोजेक्ट स्पेक्ट्रम’ सुरू केला. लहान मुलांना कागद-पेन्सिल द्यायचीच नाही, खऱ्या वस्तू द्यायच्या. मुलाच्या स्वतःच्या वर्गाची छोटी प्रतिकृती आणि तिच्यात ठेवायला त्याच्याच सवंगड्यांच्या बाहुल्या. कोण कुणाशी खेळतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मूल बाहुल्या हलवून दाखवतं. काही मुलांना वर्गातली सगळी राजकारणं माहीत असतात, बाईंपेक्षा जास्त! आणि एक कोपरा यंत्रांचा. हाताने फिरवायचं, साधारण आपल्या पुरणयंत्राच्या जातीचं एक दळण्याचं यंत्र. ते सुटं करायचं आणि पुन्हा जोडायचं.

गार्डनरने सांगितलेली एक हकिकत याच कोपऱ्यातली आहे. सहा वर्षांचा मुलगा, घरची परिस्थिती बिकट, वाचन-लेखनात इतका मागे, की त्याला पहिलीतच पुन्हा बसवायचं बाईंनी नाइलाजाने ठरवलेलं. या मुलाने ते यंत्र खोललं आणि जोडलं, ते त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांपेक्षा सफाईने. संशोधकांनी त्याचं चित्रीकरण करून बाईंना दाखवलं. बाई हादरल्या. तीन रात्री त्यांना झोप लागली नाही. मग त्या मुलाला जिथे जमतं तिथून त्याला अक्षरांकडे आणायच्या वाटा त्या शोधू लागल्या, आणि शाळेतली त्याची कामगिरी सुधारली.

या प्रसंगात मुलगा ‘शरीर-बुद्धीचा’ आहे असा शिक्का मारून त्याला कायमचं पाने-स्क्रूंकडे पाठवलं नाही. त्याला वाचायला शिकवायचंच होतं. बदलली ती बाईंची नजर, आणि शिरायची वाट. गार्डनरच्या या ‘बहुविध बुद्धिमत्ता’ सिद्धांताचा वर्गातला खरा उपयोग मला एवढाच वाटतो, आणि तो थोडा नाही.

पण झालं भलतंच. पुस्तक शिक्षकांनी डोक्यावर घेतलं. इंडियानापोलिसच्या आठ शिक्षकांनी तर १९८७ साली या विचारावर सरकारी शाळाच उभी केली. तिथे प्रत्येक मुलाला संगीत आणि हालचाल ही गणिताइतकीच नेमाने मिळत, वेगवेगळ्या वयांची मुलं एखादं कसब एकत्र शिकत, आणि मुलांच्या प्रकल्पांची चित्रफीत जपून ठेवली जाई. २०१६ साली ती शाळा बंद झाली. ते प्रामाणिक काम होतं. इतरत्र मात्र गणित सोडवताना मागे संगीत लावलं की ‘सांगीतिक बुद्धिमत्ता’ झाली, मुलांना वर्गभर पळवलं की ‘शारीरिक’. गार्डनरने स्वतः असल्या प्रकारांवर टीका केली. ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यात तर कोणत्या वांशिक गटात कोणती बुद्धी असते आणि कोणती नसते, याचा तक्ता निघाला. तेव्हा त्याने दूरचित्रवाणीवर जाऊन त्याचा निषेध केला आणि तो उपक्रम बंद पडला. ‘हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं’ ही शिकण्याच्या शैलींची वाटणीही त्याची नव्हे. २०१३ साली त्याला तसं लेख लिहून सांगावं लागलं.

खुद्द सिद्धांताचं काय? इथे वाचकाला गोडगोड सांगण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञांपैकी बऱ्याच जणांना आठ वेगळ्या बुद्धी मान्य नाहीत. १९०४ साली चार्ल्स स्पिअरमनने शाळकरी मुलांचे गुण तपासले, तेव्हा भाषा आणि गणितात पुढे असलेली मुलं संगीतात आणि सूर ओळखण्यातही सहसा पुढेच निघाली. म्हणजे कप्पे अगदी वेगळे नाहीत, खालून कुठेतरी जोडलेले आहेत. कॅनडातल्या एका गटाने २००६ साली २०० जणांना आठही बुद्धिमत्तांच्या प्रत्येकी दोन चाचण्या दिल्या. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग यांचे गुण एकमेकांत बरेच गुंतलेले निघाले; शरीराची आणि संगीताची बाजू त्यामानाने सुटी. आपण ‘बुद्धिमत्ता’ऐवजी ‘कौशल्यं’ म्हटलं असतं, तर पुस्तकाची एवढी चर्चा झाली नसती, असं गार्डनरनेही मोकळेपणाने म्हटलं आहे.

मग शिक्षकाने हे सगळं सोडून द्यावं? मुळीच नाही. गार्डनरच्या दोन सूचना सिद्धांताच्या खटल्याचा निकाल काहीही लागो, उभ्या राहतात. मुलाला नीट पाहा. आणि महत्त्वाची संकल्पना सगळ्यांनाच अनेक वाटांनी भेटू द्या. दुसऱ्या सूचनेत ‘सगळ्यांनाच’ हा शब्द विसरला जातो. गाणाऱ्याला गाण्यातून आणि चित्रकाराला चित्रातून, असं नव्हे. तीच गोष्ट तीन बाजूंनी दिसली, तर ती समजते.

पाहू या करून. तिसरा भाग मोठा की चौथा? प्राथमिक वर्गांत हमखास येणारं उत्तर: चौथा, कारण तीनपेक्षा चार मोठा. फळ्यावर कितीही वेळा लिहून दिलं तरी ही समजूत तग धरते, कारण आकडा डोळ्यांसमोर असतो आणि भाग नसतो.

आता हाताने एक मात्रा धरा. टाळी, टाळी, टाळी, समान अंतराने. दोन टाळ्यांच्या मध्ये ‘तकिट’ बसवा. जमलं? आता तेवढ्याच जागेत ‘तकधिमि’. जीभ धावायला लागते. चार अक्षरं बसवायची तर प्रत्येक अक्षराला जागा कमी. छेद वाढला की भाग लहान, हे मुलाला आता कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या जिभेनेच सांगितलं.

इथे थांबू नका. वर्गाचे दोन गट करा. एक टाळी सगळ्यांची, अर्धा वर्ग ‘तकिट’, अर्धा ‘तकधिमि’, दोन्ही एकदम. पहिली अक्षरं टाळीवर एकत्र पडतात आणि मग सगळं विस्कटतं. पुन्हा पुढच्या टाळीलाच गाठ. मधल्या गोंधळात कोण नेमकं कुठे आहे, हे कसं मांडायचं? मात्रेचे बारा भाग करावे लागतात. शून्य, चार, आठ या घरांवर ‘तकिट’ पडतं; शून्य, तीन, सहा, नऊ वर ‘तकधिमि’. तिसरा भाग म्हणजे बारांतली चार घरं, चौथा म्हणजे तीन. समच्छेद करायला तीन आणि चारचा लसावि का काढायचा, हे पुस्तकात नियम म्हणून येतं. इथे ते ऐकू येतं! मला यातलं हेच सगळ्यांत विलक्षण वाटतं. तबलजी ज्या हिशोबावर जगतो, तोच हिशोब गणिताच्या वहीत रुक्ष होऊन पडलेला असतो.

दुसरी वाट, वाटणीची. पाच भाकऱ्या, आठ जण, सगळ्यांना सारखं. कागदाच्या भाकऱ्या कापायला द्या आणि गटांना भांडू द्या. कुणी प्रत्येक भाकरीचे आठ तुकडे करतील, चाळीस तुकड्यांचा ढीग पडेल. कुणाला तरी सुचेल: चार भाकऱ्या अर्ध्या करा, प्रत्येकाला अर्धी मिळाली, उरलेल्या एकीचे आठ तुकडे. अर्धी अधिक आठवा भाग. प्राचीन इजिप्तचे लेखनिक नेमकं असंच लिहीत. वरच्या जागी एक असलेलेच अपूर्णांक ते वापरत, दोन तृतीयांश हा ठळक अपवाद. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या ऱ्हिंड पपायरसमध्ये असे अपूर्णांक भरपूर आहेत. गोष्ट आवडणाऱ्याला गोष्ट मिळाली, हात चालवणाऱ्याला कात्री, आणि भांडणं मिटवणाऱ्यालाही काम मिळालं.

प्रत्येक धड्याला आठ वाटा काढायच्या नाहीत. गार्डनरनेही तसं कधी सांगितलेलं नाही, आणि साठ मुलांच्या वर्गात कुणाला ते झेपायचंही नाही. वर्षातल्या ज्या चार-पाच संकल्पनांवर पुढचं सगळं उभं असतं, तेवढ्या निवडाव्यात. कसोटी एकच: ती वाट संकल्पनेच्या आत नेते का? पाढ्यांना चाल लावली तर पाढे पाठ होतात, गुणाकार कळत नाही. ‘तकिट-तकधिमि’मध्ये अपूर्णांक खुद्द हजर असतो.

आपल्याकडे हे कळलेली माणसं गार्डनरच्या आधीही होती. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. शिकायला त्या मुलांचं ओळखीचं रान होतं. तिथे आठ बुद्धिमत्तांचा तक्ता नव्हता. मुलं जिथे होती तिथून सुरुवात करायची, हे मात्र पक्कं होतं.

तेव्हा शिक्षक असाल तर यंदा अपूर्णांकांचा धडा येईल त्या दिवशी खडू जरा बाजूला ठेवा आणि टाळी धरा. वर्गात कधी तोंड न उघडणारं कोण लय सोडत नाही, ते टिपून ठेवा. शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवा. गोंगाट होणार आहे.