विकराची जागा लोहकण घेतील काय?

पावसाळा ओसरू लागला की मीरा रोड-भाईंदरच्या रक्ततपासणी प्रयोगशाळांत डेंग्यूच्या चाचणीसाठी गर्दी वाढते. वर्गातही दोन-चार बाके रिकामी दिसतात. तापाचे पहिले पाच दिवस उलटलेले नसतील, तर डॉक्टर 'एनएस-१ एलायझा' लिहून देतात. ही एलायझा चालते कशी, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगावे?

९६ खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खळग्याच्या तळाशी डेंग्यू विषाणूच्या एनएस-१ या प्रथिनाला नेमके पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाचे सीरम घातले की एनएस-१ अडकते आणि बाकीचे धुऊन जाते. मग दुसरे प्रतिपिंड घालतात. तेही एनएस-१लाच धरते, पण त्याच्या पाठीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेले असते. पुन्हा धुतल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टीएमबी नावाचे रंगहीन द्रव्य घालायचे. विकर टीएमबीला निळे करते. एक विकर-रेणू सेकंदाला हजारो रेणूंचा रंग पालटू शकतो, म्हणूनच अत्यल्प एनएस-१चाही सुगावा लागतो. स्टॉकहोमच्या एंगवॉल आणि पर्लमन यांनी १९७१ साली ही पद्धत मांडली. नेदरलँड्समध्येही त्याच सुमारास तसेच काम झाले.

हे विकर बहुधा हॉर्सरॅडिश या झाडाच्या मुळातून काढतात. झाड आपल्या मुळ्या-मोहरीच्याच कुळातले. विकर म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन नाजूक. उष्णतेने त्याची घडी विस्कटली की काम थांबते. म्हणून चाचणीचे संच २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात आणि पावसात दोन-तीन तास वीज गेली की प्रयोगशाळेवाल्याचा जीव टांगणीला लागतो.

विकराऐवजी निर्जीव उत्प्रेरक वापरता येईल का? वर्गात एक प्रयोग करून पाहा. औषधांच्या दुकानातले ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तीन परीक्षानळ्यांत घ्या. पहिलीत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका, दुसरीत चांगल्या उकडलेल्या बटाट्याचा, आणि तिसरीत चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड, तेही पाण्यात उकळून घेतलेले. पहिलीत फेस येतो, दुसरीत जवळजवळ नाही, तिसरीत जोरात येतो. (बटाट्यातले विकर कॅटलेज आहे, हॉर्सरॅडिशमधले पेरॉक्सिडेज, पण मुद्दा तोच.) उकळण्याने प्रथिन बिघडले, खनिज बिघडले नाही.

२००७ साली बीजिंगच्या शियुन यान आणि सहकाऱ्यांनी असेच काहीसे मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकी लोह-ऑक्साइडच्या, अतिसूक्ष्म कणांबाबत दाखवले. हे कण तोवर रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय समजले जात. प्रत्यक्षात ते पेरॉक्सिडेजसारखे टीएमबीला निळे करत होते, आणि ९० अंशांपर्यंत तापवूनही त्यांचे काम टिकून राहिले. अशा कणांना आता 'नॅनोझाइम' म्हणतात.

या कणांविषयी '४० पट प्रभावी' हा आकडा वारंवार वाचायला मिळतो. तो फळ्यावर तपासण्याजोगा आहे. तुलना एका कणाची एका विकर-रेणूशी केलेली आहे. कण सुमारे ३०० नॅनोमीटर व्यासाचा, रेणू सुमारे ५ नॅनोमीटरचा. व्यास ६० पट, म्हणून आकारमान ६० चा घन, म्हणजे २,१६,००० पट. मॅग्नेटाइटची घनता प्रथिनाच्या सुमारे चौपट. तेव्हा वजन साडेआठ लाख पटींच्या वर गेले. एवढ्या वजनाने काम केले ४० पट! वजनास वजन धरले तर विकरच वीस हजार पटींनी सरस ठरते. कारण उघड आहे: कणाच्या फक्त पृष्ठभागावरचे अणू कामाला लागतात, आतले नुसते बसून असतात. त्याच प्रयोगांत लहान कण मोठ्यांपेक्षा प्रभावी ठरले, ते यामुळेच.

मग हा खटाटोप कशाला? कारण चाचणीत वजनाला नव्हे, संख्येला महत्त्व आहे. पकडलेल्या एका एनएस-१ मागे एकच खूणगाठ बांधता येते. ती जितकी कामसू, तितका रंग गडद. शिवाय विकराचा मोठा गुण म्हणजे नेमकेपणा; तो येथे प्रतिपिंडाकडून मिळतो, खुणेला फक्त रंग पालटायचा असतो. यानच्याच गटाने २०१५ मध्ये इबोलासाठी अशी चाचणीपट्टी केली. ती नेहमीच्या सोन्याच्या कणांच्या पट्टीपेक्षा १०० पट संवेदनशील निघाली. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजने एचआयव्हीच्या प्रथिनासाठी प्लॅटिनमचे कण वापरले.

खरी अडचण चिकटपणाची आहे. सूक्ष्म कण भलत्या प्रथिनांना आणि थाळीलाही चिकटतात. ते धुतले गेले नाहीत तर निरोगी माणसाचा खळगाही निळा होतो. डेंग्यू नसताना डेंग्यूचा अहवाल हातात पडतो. कणावर प्रतिपिंडे दाट बसवली तर चिकटणे कमी होते, पण मग कामाचा पृष्ठभागच झाकला जातो. त्यातच एका घाण्याचे कण दुसऱ्या घाण्यासारखे निघतीलच असे नाही. माझ्या मते संवेदनशीलतेच्या विक्रमांपेक्षा या दोन गोष्टींवर अधिक श्रम व्हायला हवेत.

आणि प्रयोगशाळेतला फ्रिज? विकर गेले तरी प्रतिपिंडे राहतातच, आणि तीही प्रथिनेच. पट्टीवर नीट वाळवलेली प्रतिपिंडे बाहेर बराच काळ टिकतात. थाळीच्या संचातली, द्रवात ठेवलेली, मात्र थंडावाच मागतात.